गायरानातलं बी

थंड मुलखात वसंतात जुन्या हिरवळीवरच नवं बी फेकतात. आमच्या वऱ्हाडातल्या पिंपळगाव राजात वसंत म्हणजे करपलेलं गायरान. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं, १८७० साली खामगावला रेल्वे आली. कपाशी पसरली, चराऊ रान आक्रसलं. उरल्या माळावर गुरं फुलोऱ्याआधीच गवत खुडत, मग बी पडणार कुठून? कुसळी गवत तेवढं माजलं.

आजी दिवाळीच्या सुमारास मारवेल, पवन्या या गवतांचे पिकले तुरे ओरबाडून मडक्यात ठेवायची. रोहिणी नक्षत्र सरता सरता ते शेणमातीत कालवून, खुरप्यानं माळ हलकाच खरवडून विखरायची. नांगर नाही, जुनी मुळं शाबूत. पुढं पाणलोटाच्या कामांत स्टायलो या चाऱ्याचं बीही माळावर पडू लागलं.

एवढंच सांगतो: बी टाकलेल्या माळावर पहिलं वर्ष गुरं सोडू नका.