शेवटी आलेली गाडी

लंडनच्या नॅशनल गॅलरीत जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' हे चित्र आहे. 'हे' म्हणजे वाळलेलं गवत आणि 'वेन' हा गाडीसाठीचा जुना इंग्रजी शब्द. कॅनव्हास १३० सेंटिमीटर उंच, १८५ सेंटिमीटर रुंद. उथळ पाण्यात रिकामी गाडी थांबली आहे, डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचं घर, उजवीकडे दूरवर कुरणात गवत कापणारी माणसं. आज चित्र ओळखलं जातं ते गाडीच्या नावाने. पण त्याच्या घडणीत या गाडीचा नेमका घाट ठरला तो बराच उशिरा.

कॉन्स्टेबल १७७६ साली सफक परगण्यात जन्मला. स्टूर नदीवरची फ्लॅटफर्डची पाणचक्की त्याच्या वडिलांची, आणि विली लॉटचं घर तिच्या शेजारचंच. ते घर त्याने वर्षानुवर्षं रेखाटलं होतं. पुढे लंडनच्या चित्रशाळेत त्या रेखाटनांवरून त्याने आधी पूर्ण आकाराचा तैलरंगी कच्चा खर्डा केला. त्यात काठावरच्या कुत्र्याजवळ एक घोडेस्वार होता. अंतिम चित्रात त्याच्या जागी पिंप आलं आणि नंतर तेही रंगाखाली गेलं.

घर, झाडं, पाणी, सगळं हाताशी होतं. अडलं गाडीपाशी. मग भाऊ एब्रमच्या मार्फत गावाकडून गाडीची रेखाटनं मागवली गेली. गावातल्या जॉन डनथॉर्न या तरुणाने ती फेब्रुवारी १८२१ च्या कडाक्याच्या थंडीत काढली. चित्रातली उन्हाळी दुपार अशी गारठलेल्या बोटांनी पुरी झाली.

एका गाडीसाठी एवढा खटाटोप का? शहरी प्रेक्षकाला कुठलीही गाडी चालली असती. कॉन्स्टेबल मात्र चक्कीवाल्याचा मुलगा होता, चक्कीवर काम केलेला. चाक, जू, बांध, दार यांच्यातलं प्रत्येक लाकूड कशासाठी असतं हे त्याला ठाऊक होतं. गाडी पाण्यात का, याचं एक उत्तरही चाकातच आहे. उन्हाने लाकूड आकसतं आणि लोखंडी धाव सैल होते; पाण्यात लाकूड फुगलं की ती पुन्हा घट्ट बसते. बैलगाडी हाकलेल्या आपल्याकडच्या माणसालाही हे सांगावं लागणार नाही.

१८२१ मध्ये रॉयल अकादमीत चित्र लागलं ते 'निसर्गचित्र : दुपार' या अर्थाच्या नावाने. ते विकलं गेलं नाही. 'हे वेन' हे नाव मित्र जॉन फिशरचं. पुढे व्यापारी जॉन अॅरोस्मिथने ते विकत घेतलं, १८२४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते झळकलं आणि राजा दहाव्या चार्ल्सने कॉन्स्टेबलला सुवर्णपदक दिलं. १८८६ मध्ये हेन्री वॉन यांनी ते नॅशनल गॅलरीला भेट दिलं.

प्रदर्शनातलं नाव मागे पडलं, मित्राने दिलेलं टिकलं. दुपार तर कुठल्याही गावात होते. ही गाडी मात्र स्टूरकाठचीच होती.