थाई मांगूर : बंदी असलेला हा मासा शेततळ्यात का नको?

शेततळ्यात कमी खर्चात, झटपट वाढणारा मासा म्हणून कुणी 'हायब्रीड मागूर'चे बीज देऊ केले, तर आधी थांबा. तो थाई मांगूर असू शकतो आणि त्याच्या पालनावर भारतात 2000 सालापासून बंदी आहे.

थाई मांगूर म्हणजे काय?

नाव थाई असले तरी मासा मूळचा आफ्रिकेतला. शास्त्रीय नाव क्लेरियस गॅरिपिनस. 1990च्या दशकात तो बांगलादेशमार्गे भारतात आला. आपला देशी मागूर साधारण फूट-दीड फूट वाढतो. हा मात्र एक मीटरहून लांब होऊ शकतो. लहान मासे, अंडी, बेडूक, किडे, मेलेले प्राणी असे मिळेल ते तो खातो.

तो इतका चिवट कसा?

कल्ल्यांजवळ असलेल्या खास अवयवामुळे तो थेट हवेतून श्वास घेतो. त्यामुळे घाणेरड्या, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तगतो. ओल्या जमिनीवरून सरपटत तो दुसऱ्या पाण्यातही पोहोचू शकतो.

शिकारी मासा असणे वाईट आहे का?

नाही. समुद्रातला बाराकुडाही मोठा शिकारी आहे. पण तो स्वतःच्या घरात शिकार करतो आणि तिथले मासे त्याच्यासोबतच घडले आहेत. मांगूर आपल्या नद्यांत पाहुणा आहे. इथल्या माशांना त्याच्यापासून बचाव करण्याची सवय नाही.

अहिल्यानगरसाठी धोका कोणता?

जिल्ह्याच्या ईशान्येला गोदावरीवरील जायकवाडीचे पाणी शेवगाव-नेवाशापर्यंत पोहोचते. दक्षिणेला भीमेवरील उजनीचा फुगवटा कर्जत तालुक्याला लागतो. जिल्ह्यात शेततळीही भरपूर. जोरदार पावसात एखादे तळे फुटले किंवा भरून वाहिले, तर मासा ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात जाऊ शकतो. मोठ्या जलाशयातून त्याला वेचून काढणे जवळपास अशक्य. मग मरळ, वाम यांसारखे मासे कमी होतात आणि त्यावर पोट असलेल्या भोई कुटुंबांच्या जाळ्यात कमी मासळी येते.

मग लोक तो का पाळतात?

वाढ वेगवान आणि देखभाल कमी. खाद्याचा खर्च वाचवण्यासाठी काही ठिकाणी कत्तलखान्यातील टाकाऊ मांस तळ्यात टाकले जाते. त्यामुळे पाणी सडते आणि ग्राहकाच्या आरोग्याचा प्रश्नही उभा राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2018 मध्ये आदेश दिल्यानंतर महाराष्ट्रात असे साठे नष्ट करण्याची कारवाई झाली.

तुम्ही काय करू शकता?

• बीज शासकीय किंवा नोंदणीकृत केंद्रातूनच घ्या आणि पावतीवर माशाची जात लिहून घ्या.
• संशयित मासा सापडल्यास तो पुन्हा पाण्यात सोडू नका.
• जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाला कळवा.
• दया म्हणून किंवा नवस म्हणून अनोळखी मासे नदीत सोडू नका.