फोन टॅपिंगला नियमांची चौकट : नागरी स्वातंत्र्य संघटना आणि सुरक्षा कायदे

राष्ट्रीय सुरक्षेचे कायदे संसदेत होतात आणि त्यांची अंमलबजावणी पोलिस व गुप्तचर यंत्रणा करतात. अशा वेळी सदस्यांची वर्गणी आणि विनामूल्य काम करणारे वकील एवढ्या बळावर चालणाऱ्या नागरी स्वातंत्र्य संघटनांना या क्षेत्रात स्थान ते काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. भारतातील अनुभव असा, की या संघटनांना कायदे रद्द करून घेण्यात क्वचितच यश आले. परंतु सरकारच्या अमर्याद अधिकाराला कार्यपद्धतीची चौकट घालून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. दूरध्वनी टॅपिंगचा खटला हे याचे ठळक उदाहरण होय.

१९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्यासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली होती व रवींद्रनाथ टागोर तिचे अध्यक्ष होते. स्वातंत्र्यानंतर ती मागे पडली. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणी असेपर्यंत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने नवी संघटना उभी राहिली. तिची धुरा मूळचे सासवडचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी सांभाळली. १९८० पासून ती ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ अर्थात पीयूसीएल या नावाने ओळखली जाते.

दूरध्वनीवरील संभाषण ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्याने दिला होता. सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता हे कारण असल्यास आणि देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षा आदींसाठी आवश्यक असल्यास हा अधिकार वापरता येई. त्याचा गैरवापर टाळण्यासाठी नियम करण्याची तरतूदही कायद्यात होती. प्रत्यक्षात तसे नियम कधी झालेच नाहीत. राजकीय नेत्यांचे दूरध्वनी टॅप झाल्यासंबंधीचा सीबीआयचा अहवाल १९९१ मध्ये ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाला आणि काही दूरध्वनींबाबत रीतसर मंजुरीची नोंदच नसल्याचे उघडकीस आले. या वृत्ताच्या आधारे पीयूसीएलने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. संघटनेची बाजू माजी न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांनी मांडली.

१८ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. एस. सगीर अहमद यांच्या खंडपीठाने निकाल दिला. दूरध्वनीवरील संभाषण हा खासगी जीवनाचा भाग असल्याने त्याला घटनेच्या २१ व्या कलमाचे संरक्षण आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. तार कायद्यातील तरतूद न्यायालयाने रद्द केली नाही. मात्र नियम होईपर्यंत पाळावयाची कार्यपद्धती घालून दिली. टॅपिंगचा आदेश केवळ केंद्र वा राज्याच्या गृह सचिवाने काढावा, त्याची मुदत दोन महिने व एकूण सहा महिन्यांपेक्षा अधिक नसावी, पुनरावलोकन समितीने प्रत्येक आदेश तपासावा आणि गरज संपताच नोंदी नष्ट कराव्यात, असे निर्देश देण्यात आले.

याच निर्देशांच्या धर्तीवर २००७ मध्ये तार नियमांत ४१९-अ हा नियम समाविष्ट झाला. त्याची जागा घेणाऱ्या २०२४ च्या नियमांतही ६० आणि १८० दिवसांची मर्यादा कायम आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविताना या निकालाचाही विचार केला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातील टॅपिंगचे तीन आदेश रद्द ठरवून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले, ते याच निकालाच्या आधारे. ज्या उद्योजकाला हा दिलासा मिळाला, त्याच्या दृष्टीने सुमारे अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या याचिकेचे हे फळ होते.

या यशाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागेल. टॅपिंगपूर्वी न्यायाधीशाची परवानगी बंधनकारक करावी, ही याचिकाकर्त्यांची मागणी मान्य झाली नाही. त्यामुळे आदेश देणारे सचिव आणि तो तपासणारेही सचिवच, अशी स्थिती आजही आहे.

इतर कायद्यांबाबतही असेच चित्र दिसते. ‘पोटा’ला पीयूसीएलने दिलेले आव्हान डिसेंबर २००३ मध्ये फेटाळले गेले, तथापि दहशतवादाला साह्य करण्याचा हेतू असल्याखेरीज त्यातील काही कलमे लागू होणार नाहीत, असा संकुचित अर्थ न्यायालयाने लावला. २००४ मध्ये पोटा रद्द झाला, पण त्यातील अनेक तरतुदी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात दाखल झाल्या. मणिपूरमध्ये चकमकींत मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने २०१२ मध्ये १,५२८ मृत्यूंची यादी सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली. अशांत क्षेत्रातही सशस्त्र दलांना फौजदारी कारवाईपासून सरसकट मुभा नाही, असा निकाल २०१६ मध्ये लागला आणि पुढील वर्षी काही प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविण्यात आला. सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा मूळ कायदा मात्र अस्तित्वात आहे.

चिकाटीने गोळा केलेली माहिती, न्यायालयात टिकेल अशी मांडणी आणि निकालासाठी वर्षानुवर्षे थांबण्याची तयारी हीच या संघटनांची साधने आहेत. त्यांतून मिळालेले नियम पाळले जातात की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही बहुधा त्यांच्यावरच येऊन पडते.