अमृतातला ‘ब’

वीसेक वर्षांपूर्वी एका वाचनालयातल्या व्याख्यानात मी ठासून सांगितले होते, की ग्रीक देवांचे ‘अँब्रोसिया’ म्हणजे आपले अमृतच; शब्द इथूनच तिकडे गेला. टाळ्या पडल्या. नंतर एका निवृत्त शिक्षकांनी हळूच विचारले, “मग त्यात ‘ब’ कुठून आला हो?” मी निरुत्तर झालो. माझ्याकडे ना भाषाशास्त्राची पदवी, ना ग्रीकचे शिक्षण. त्या एका अक्षरापायी मी घरी ग्रीक मुळाक्षरे गिरवायला बसलो.

उत्तर आपल्या आंब्यातच होते. ‘आम्र’पासून आंबा, ‘ताम्र’पासून तांबे. ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि आवाज नाकातून येतो. ‘र’साठी ओठ उघडण्याआधीच नाकाची वाट बंद झाली, की मध्ये ‘ब’ उमटतो. मराठीपर्यंत येताना ‘र’ गळाला, ‘ब’ उरला. ग्रीकांच्या तोंडीही असाच ‘ब’ आला आणि ‘अम्रोतोस’चे ‘अँब्रोतोस’ झाले, म्हणजे अमर. त्यावरूनच ‘अँब्रोसिया’. शब्दाच्या आरंभी मात्र ‘म’ लोपला आणि ‘ब्रोतोस’ राहिला, म्हणजे मर्त्य माणूस.

इथेच माझा दावा कोसळला. उसना शब्द सहसा एकटा येतो. इथे तर ग्रीकमध्ये त्याचे अख्खे कुटुंब नांदते आहे. नकाराचा ‘अ’ आणि मरणाचा धातू दोन्ही भाषांना एकाच पूर्वज भाषेकडून मिळाले. अशा समान पूर्वजाची शक्यता विल्यम जोन्स यांनी १७८६मध्ये कलकत्त्यात मांडली होती. अमृत आणि अँब्रोसिया ही मायलेकरे नव्हेत, भावंडे आहेत.

होमरच्या ‘इलियड’मध्ये अँब्रोसिया केवळ खाण्यापुरते नाही. हेरा देवी त्याने अंग स्वच्छ करते. पॅट्रोक्लसचे शव कुजू नये म्हणून थेटिस ते त्याच्या नाकपुड्यांत सोडते. ऋग्वेदातही ‘अमृत’ हे देवांचे विशेषण म्हणून येते. मंथनातून निघालेल्या अमृताची सविस्तर कथा महाभारताच्या आदिपर्वात भेटते. पेय असो वा लेप, मूळ अर्थ एकच: ज्याला मरण शिवत नाही ते. आणि दोन्हीकडे हा शब्द मरणालाच ‘अ’ जोडून घडवलेला आहे.

उत्तर हाती आले तेव्हा ते शिक्षक हयात नव्हते. म्हणून माझी ही दुरुस्ती इथे छापतो आहे.