मंगळावरच्या काळ्या टेकड्या आणि सोनईचा काळा खडक

मंगळाचा वॉलपेपर मोबाईलवर लावला तर स्क्रीन लालभडक होते. पण तिथल्या वाळूच्या टेकड्या लाल नाहीत, काळपट आहेत. लाल असते ती बारीक धूळ. लोखंडाला गंज चढावा तशी ती लाल झालेली असते आणि सगळीकडे बसते. टेकडी काळी राहिली म्हणजे तिच्यावर धूळ टिकत नाही. आणि धूळ टिकत नाही म्हणजे तिथली वाळू हलत असणार.

आज हे सोपं वाटतं, पण बरीच वर्षं अनेक शास्त्रज्ञांना या टेकड्या जुन्या, गोठून गेलेल्या वाटत होत्या. त्याचं कारण हवा. मंगळावरच्या हवेची घनता आपल्या हवेच्या साधारण साठाव्या भागाइतकी आहे. वाऱ्याचा धक्का हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरतो, त्यामुळे तेवढाच धक्का द्यायला वेग जवळजवळ आठपट लागतो. सोनईत ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुटला की रस्त्यावरची धूळ डोळ्यात जाते. मंगळावर तेवढाच जोर लावायला ताशी २८० किलोमीटरच्या आसपास वारा हवा! तिथे उतरलेल्या यानांनी मोजलेले वारे सहसा याच्या जवळपासही जात नाहीत. मग वाळू हलणार कशी?

या प्रश्नावर काम केलेल्यांमध्ये नेथन ब्रिजेस हे नाव महत्त्वाचं आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत ते ग्रहशास्त्रज्ञ होते. वाऱ्याने घडवलेली जमीन हाच त्यांचा विषय. २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं. मला त्यांचं २०१२ सालचं, 'नेचर'मध्ये छापून आलेलं काम सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्यात अर्धी करामत सॉफ्टवेअरची आहे.

फोटोवरून सरकणं कसं मोजलं?

मंगळाभोवती २००६ पासून फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानावर हायराइज नावाचा कॅमेरा आहे. त्याच्या फोटोतला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. ब्रिजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नीली पटेरा' या भागातल्या टेकड्यांचे वेगवेगळ्या दिवशी काढलेले फोटो घेतले. पण दोन फोटो नुसते एकावर एक ठेवून भागत नाही. प्रत्येक वेळी यान थोडं वेगळ्या कोनातून बघतं आणि जमीनही उंचसखल असते. त्यामुळे जागची न हललेली गोष्टसुद्धा सरकल्यासारखी दिसते.

त्यासाठी त्यांनी कॅलटेकमध्ये तयार झालेलं कॉसी-कॉर हे सॉफ्टवेअर वापरलं. ते मुळात भूकंपानंतर जमीन किती सरकली हे उपग्रहाच्या फोटोंवरून मोजायला बनवलेलं. आधी ते जमिनीच्या उंचीचा नकाशा वापरून दोन्ही फोटो सरळ करतं. मग पहिल्या फोटोतला छोटा चौकोन घेऊन दुसऱ्या फोटोत तो नेमका कुठे जुळतो हे शोधतं. असे असंख्य चौकोन, आणि प्रत्येकाचा एक बाण: किती सरकला, कुठल्या दिशेने. तुमचा फोन पॅनोरमा जोडताना ढोबळमानाने हेच करत असतो. फरक अचूकतेचा आहे. इथे पिक्सेलच्या लहानशा भागाइतकी हालचालही पकडता येते.

निकाल असा आला की टेकड्यांच्या अंगावरच्या वाळूच्या लाटा सरकत होत्या, आणि टेकडीवर जितकं वर जावं तितक्या जास्त वेगाने. यावरून कळलं की नुसता वरचा पापुद्रा हलत नाही, अख्खी टेकडी पुढे चालली आहे. हिशोब मांडल्यावर वाळू वाहण्याचं प्रमाण अंटार्क्टिकातल्या व्हिक्टोरिया व्हॅलीच्या टेकड्यांइतकं निघालं. म्हणजे एवढ्या विरळ हवेतही वारा तिथली जमीन पृथ्वीसारख्याच गतीने घडवतोय.

आणि तो साठाव्या भागाचा हिशोब? तो फक्त पहिला कण उचलण्यापुरता खरा आहे. वाळूचे कण वाऱ्याबरोबर तरंगत नाहीत, ते उड्या मारत जातात. मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्केच आहे आणि हवेचा अडथळाही कमी, त्यामुळे उडी उंच आणि लांब जाते. कण जोरात खाली आदळतो आणि आणखी कण उडवतो. कॅरममधला ब्रेक आठवा: स्ट्रायकर एक, पण सोंगट्या सगळ्या फुटतात. एकदा वाळू उडायला लागली की पुढे खूप कमी वाऱ्यावरही ती उडत राहते.

आता आपल्याकडचा काळा खडक

आमच्या सोनईकडे विहीर खणताना वर काळी माती लागते, मग मुरूम आणि खाली कठीण काळा खडक. तो बेसाल्ट, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मंगळावरची काळी वाळूही बेसाल्टचीच. क्युरिऑसिटी रोव्हर २०१५ च्या शेवटी 'बॅगनॉल्ड' टेकड्यांपाशी पोचला. दुसऱ्या ग्रहावरच्या हलत्या टेकड्या इतक्या जवळून तपासण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या मोहिमेच्या आखणीतही ब्रिजेस होते. (बॅगनॉल्ड हे वाळवंटात मोटारी घालणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी. वाहत्या वाळूचं भौतिकशास्त्र त्यांनी १९४१ मध्ये पुस्तकात मांडलं.) रोव्हरने वाळू तपासली तेव्हा त्यात फेल्डस्पार, पायरोक्सीन आणि ऑलिव्हिन ही बेसाल्टमधली खनिजं सापडली.

मग आपल्या रानात काळ्या वाळूच्या टेकड्या का नाहीत? कारण इथे पाऊस आहे. पाण्यात ऑलिव्हिनसारखी खनिजं टिकत नाहीत, त्यांची चिकणमाती होते. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी माती ती हीच. पृथ्वीवरच्या बहुतेक वाळवंटांत गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची वाळू उरते, कारण तो कण चिवट असतो. मंगळाच्या कोरड्या वाऱ्यात मात्र बेसाल्टचा कण बेसाल्टच राहतो. दगड त्याच जातीचा, पण एकीकडे पाण्याच्या हाती पडला, दुसरीकडे वाऱ्याच्या. लोणारचं विवर याच खडकात पडलेलं असल्यामुळे मंगळाच्या अभ्यासकांना ते इतकं जवळचं वाटतं.

शनीचा चंद्र टायटन तर आणखी वेगळा. तिथे शेकडो किलोमीटर लांबीच्या टेकड्या आहेत, पण त्यातले कण दगडाचे नसून कार्बनी पदार्थांचे आहेत. तिकडे ड्रॅगनफ्लाय हे उडणारं यान पाठवायची नासाची तयारी चालू आहे.

हायराइजचे फोटो वेबसाइटवर फुकट मिळतात. मोबाईलच्या ब्राउझरवर 'नीली पटेरा' शोधा आणि झूम करा. (पूर्ण फाइल प्रचंड मोठी असते, डेटा संपेल, छोटी आवृत्ती उघडा.) चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या दिसतील. कोरीची दोन टोकं जिकडे वळलेली असतात, तिकडे वारा वाहतो.