मारणारी की राखणारी?

आजच्या शहरी अद्भुत कादंबऱ्यांत मारेकरी नायिका वारंवार भेटते. आपल्या माणसांना वाचवण्यासाठी ती शस्त्र उचलते. तिची एक पूर्वज नवव्या शतकातल्या चीनमध्ये, तांग राजवटीत सापडते : पेइ शिंग याच्या नावावर असलेल्या कथेतली न्ये यिन्न्यांग.

सेनापतीच्या या मुलीला दहाव्या वर्षी एक भिक्षुणी पळवून नेते आणि खुनाची विद्या शिकवते. एकदा ज्याला मारायचे तो अधिकारी लहान मुलाशी खेळताना दिसतो आणि तिचा हात थबकतो. काम ती करते, पण उशिरा. भिक्षुणी बजावते, यापुढे आधी त्याचे लाडके माणूस मारायचे, मग त्याला.

माझ्या मते कथेचे मर्म या आज्ञेत आहे, कारण पुढे यिन्न्यांग नेमके उलटे वागते. वेइबोचा सुभेदार तिला ल्यू छांगयीला मारायला धाडतो, तर ती त्याच्याच पदरी राहते. त्याच्यावर दुसरा मारेकरी येतो तेव्हा ती त्याच्या गळ्याभोवती खोतानचे जेड गुंडाळायला लावते आणि स्वतः चिलटाएवढी होऊन त्याच्या पोटात लपते. वार जेडवर बसतो.

ही भीती काल्पनिक नव्हती. आन लूशानच्या बंडानंतर (इ. स. ७५५–७६३) सुभेदार शिरजोर झाले होते. ८१५ मध्ये तर प्रधान वू युआनहेंग राजधानी छांगआनच्या रस्त्यावर, पहाटे दरबारात जाताना मारला गेला. त्या शतकाने मारेकरणीलाच राखणदार कल्पावे, यात नवल नाही.