अंधपरंपरा आणि अंधश्रद्धा

नायगावच्या बी.डी.डी. चाळी मुंबईच्या विकास खात्याने (स्थापना १९२०) बांधल्या. त्या बेचाळीस इमारतींत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामकऱ्यांनी आपापल्या बोलीही आणल्या. या बोलींत करणी, दृष्ट, बाधा, उतारा, अंगात येणे असे शब्द विपुल होते. परंतु या सर्वांना कवेत घेऊन त्यांवर निवाडा देणारे एकच सामान्यनाम त्यांत रुळलेले नव्हते. फार तर ‘खूळ’. खूळ डोक्यात शिरते तसे निघूनही जाते. त्यासाठी माणसाच्या श्रद्धेची झडती घ्यावी लागत नाही.

त्याच नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भविभाग आहे. अशा ग्रंथालयातील जुने कोश चाळले असता निराळाच शब्द भेटतो. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) ‘अंधपरंपरा’ नोंदलेला आहे. या शब्दाचे कूळ प्राचीन होय. आंधळ्याने आंधळ्यास नेण्याचे चित्र कठोपनिषदात आहे. पाली त्रिपिटकातील तेविज्जसुत्तात एकमेकांस धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेस ‘अंधवेणी’ म्हटले आहे आणि तेथे रोख परंपरेच्या प्रामाण्यावर आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात ‘अंधपरंपरान्याय’ विज्ञानवाद्यांच्या खंडनार्थ वापरला. आस्तिक व नास्तिक दोघांनीही हेच हत्यार उचलावे, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

‘अंधपरंपरा’ हा षष्ठी तत्पुरुष: अंधांची परंपरा. येथे ‘अंध’ हे नाम असून दोष ज्ञानाच्या संक्रमणाचा आहे. ‘अंधश्रद्धा’ हा मात्र कर्मधारय. येथे ‘अंध’ हे श्रद्धेचे विशेषण बनते आणि विशेषण लावताच डोळस श्रद्धाही कोठेतरी असली पाहिजे, असे गृहीत धरले जाते. दोष रांगेकडून एकट्या माणसाच्या अंतःकरणाकडे सरकतो. श्रद्धेचे प्रकार पाडणे नवे नव्हे; गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रेतांची व भूतगणांची पूजा तामसी श्रद्धेत गणली आहे. परंतु ते वर्गीकरण त्रिगुणांवर उभे आहे. पुराव्याशी त्याचा संबंध नाही.

आगरकरांनी ‘सुधारक’ (१८८८) पत्रातून रूढीवर प्रहार केले. त्यांचा रोख अंधपरंपरेशी अधिक जुळतो. ‘अंधश्रद्धा’ घरोघर पोचला तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नावातच तो आहे. श्रद्धा कोठे संपते व अंधश्रद्धा कोठे सुरू होते, हा वादही त्याच्यामागून आला. तो केवळ विरोधकांनी उकरून काढला असे म्हणणे पुरेसे नाही. समासाच्या घडणीतच त्याचे बीज होते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने अधिनियम संमत केला. लोक त्यास अंधश्रद्धाविरोधी कायदा म्हणतात. पण त्याच्या लांबलचक शीर्षकात ‘अंधश्रद्धा’ हा शब्दच नाही. तेथे नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा आहेत. प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना एका कलमाने वगळले आहे. अनुसूचीतील बारा बाबी कृत्यांच्या आहेत: साप चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखणे, भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे. ‘करणी’ हा चाळीतील बोलीचा शब्द अशा रीतीने कायद्याच्या भाषेत दाखल झाला.